गुलाबी ढग आणि डावी चप्पल

माझी भावजय दिवसभर टीव्ही बघते आणि त्याचे पैसे घेते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हटलं, आपलंच नशीब फुटकं. मी सकाळपासून चष्म्याच्या दुकानात उभी, लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवून "आता खालची ओळ वाचा बरं" म्हणून म्हणून घसा कोरडा, आणि ही बाई सोफ्यावर पाय वर घेऊन! मग एकदा सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजारी बसले. तासाभरात डोकं असं काही भणभणलं की माझी खालची ओळ परवडली.

तिचं काम असं. धड लहान नाहीत आणि धड मोठीही नाहीत, अशा नऊ ते तेरा वयाच्या मुलांच्या मालिका तिने आधी बघायच्या आणि आईबापांना सांगायचं, ही खुशाल दाखवा, ही जपून दाखवा, हिच्या वाऱ्यालाही मुलांना उभं करू नका. पालकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात तिचं सदर आहे. हिरवा ठिपका, पिवळा ठिपका, लाल ठिपका. मुलं इंटरनेटवर कुठे जातात, तिथे काय करतात, हेही तीच सांगते, आणि त्यासाठी शाळाशाळांतून तिच्या कार्यशाळा होतात. त्याआधी ती त्याच मासिकात मुद्रितं तपासायची. अंक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, एवढंच काम. काम सुटलं, खोड सुटली नाही. तिला जेवायला बोलावलं तर ती जेवणाआधी तुमच्या दारावरची पाटी वाचते आणि मग तुम्हाला घास गोड लागत नाही.

बाकी बाई लाखात एक. हे मी नणंद असून म्हणते, म्हणजे बघा.

मी त्यांच्याच इमारतीत एक मजला खाली राहते. एकटी आहे, त्यामुळे रात्रीचं जेवण वर त्यांच्याकडेच. माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. कुठे लिफ्ट अडकली, कुठे दार लागत नाही, की याला फोन. आत माणसं अडकलेली असली की हा बाहेरून त्यांच्याशी बोलत बसतो, म्हणे, त्यांनी घाबरू नये म्हणून. घरी आला की तोंडाला कुलूप. आणि त्यांची एकुलती एक लेक, बारा वर्षांची, तिला सगळे खारू म्हणतात, कारण पहिलीत असताना तिने वर्गातल्या निम्म्या पेन्सिली कुरतडल्या होत्या.

वहिनीची मोजायची पद्धत एकदा ऐकाच. मालिका सुरू झाली की समोर तक्ता. एका रकान्यात उलट उत्तरं. एका रकान्यात गोष्टीत घुसडलेल्या जाहिराती. मारामारी वेगळी, ढकलाढकली वेगळी. आणि एक रकाना "मूर्ख बाप" असा. मुलांच्या मालिकांत बाप नेहमी बावळट दाखवतात, त्याने मुलांच्या मनावर परिणाम होतो, असं तिचं म्हणणं. एकदा ती म्हणाली, "आजच्या भागात बाप सोफ्यावर घोरताना दाखवलाय. धरू का हा?" भाऊ तेव्हा सोफ्यावर आडवा होता. तो गुपचूप उठून बसला.

आता या ठिपक्यांचा उपयोग काय, तर समोरच्या इमारतीतली दातांची डॉक्टर एकदा वहिनीचे आभार मानायला आली. म्हणाली, "तुमचं सदर आम्ही फ्रिजवरच लावतो. मुलगा रोज वाचतो हो!" वहिनी फुलून गेली. दोन दिवसांनी तोच मुलगा मला जिन्यात भेटला. "आत्या, काकूंना सांगा ना, या महिन्यात लाल ठिपके फारच कमी दिलेत. माझे सगळे बघून झाले." मी हे वहिनीला सांगितलं तर ती पदार्थ जळल्यासारखा चेहरा करून बसली. मग म्हणाली, पुढच्या महिन्यापासून लाल ठिपका बंद, त्याजागी राखाडी. राखाडी कुणाला आवडतं! महिन्याभरात सगळ्या शाळेत राखाडी मालिकांची चर्चा.

हसून सोडून द्यायच्या गोष्टी झाल्या या. हसू येणार नाही अशी एकच गोष्ट होती त्या घरात, आणि ती म्हणजे खारू बोलायची बंद झाली होती.

भांडण नाही, तंटा नाही. पूर्वी ही पोरगी शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून बडबडायची. कुणाचा डबा कुणी खाल्ला, कोणत्या बाईंची कुणी नक्कल केली, सगळं. या वर्षी एकदम नळ बंद व्हावा तसं झालं. "काय झालं आज शाळेत?" "काही नाही." "बाई काय म्हणाल्या?" "माहीत नाही." "जेवायला काय करू?" "काहीही." आणि खोलीचं दार बंद. अगं, या वयात होतं असं, मी म्हटलं. पण वहिनीचा जीव टांगणीला लागला. जगातल्या सगळ्या पोरांच्या मनात काय चाललंय ते हिला विचारायला लोक रांग लावतात, आणि स्वतःच्या पोरीच्या मनात काय आहे ते हिला ठाऊक नाही! ती हे मला भांडी पुसता पुसता सांगायची आणि फडकं तोंडाला लावायची. तिचं दुःख खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर मी हे सांगायलाच बसले नसते.

तर याच सुमारास तिने कार्यशाळेत नवा प्रकार सुरू केला. त्याचं नाव "खोटं मूल".

खारूच्याच शाळेच्या सभागृहात ती कार्यशाळा झाली. मीही गेले होते, गर्दी दिसावी म्हणून. पहिलीच्या पोरांच्या खुर्च्यांवर मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. भाऊ प्रोजेक्टर धरायला आला होता, कारण त्याचा एक पाय मोडका होता, प्रोजेक्टरच्या स्टँडचा. वहिनी म्हणाली, "मुलं जिथे जातात तिथे आईबाप म्हणून जाल तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. मूल होऊन जा." म्हणजे खोट्या नावाने, खोट्या वयाने खातं उघडायचं आणि मुलांच्या घोळक्यात मिसळायचं. त्यासाठी तिने तीन नियम दिले. एक, खोटं मूल बनवताना आपलंच मूल डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे खरं वाटेल. दोन, आधी आपलं काहीतरी दुःख सांगा, मग समोरचं मूल आपलं सांगतं. तीन, हे घरात कुणालाही सांगू नका. नवऱ्याने बायकोला नाही, बायकोने नवऱ्याला नाही. मोठी माणसं एकमेकांशी बोलली की मुलांना वास लागतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारच्या बाईला म्हटलं, "अहो, हे चोरून ऐकणंच झालं की." ती म्हणाली, "शू, नियम लिहून घेतेय." मग मी काय बोलणार!

तेव्हा एका मालिकेची मुलांमध्ये चलती होती. "पोटमाळ्यावरच्या मुली." पाच मुली एका पोटमाळ्यावर राहतात, रहस्यं शोधतात आणि पाचही जणी वर्षभरात एकदाही केस विंचरत नाहीत. वहिनीने तिला पिवळा दिला होता. या मालिकेचा इंटरनेटवर एक कट्टा होता, मुलांनी गप्पा मारायचा. नऊ ते तेरा वर्षांच्याच मुलांना प्रवेश, बरं का. तुम्ही तुमचं वय टाकायचं आणि त्यांनी विश्वास ठेवायचा, एवढा कडक बंदोबस्त.

वहिनी त्या कट्ट्यावर गेली. नाव घेतलं "गुलाबी ढग". वय बारा. दातांना तारा, शाळेचं फाटक निळं, असं सगळं खारूचं उचललं. नियमच तो. आणि पहिल्याच आठवड्यात तिला मैत्रीण मिळाली. तिचं नाव "डावी चप्पल".

एका संध्याकाळी मी दुकानातून येऊन पायऱ्या चढतेय तोच ही धावत खाली आली. मला हाताला धरून माझ्याच घरात नेलं, दार लावलं आणि म्हणाली, "ताई, सापडली!"

"कोण?"

"खारू! हे वाचा."

फोनवर डाव्या चपलेने लिहिलं होतं, "अय्या, मलापण दाताला तारा! आणि आमच्या शाळेचं फाटकपण निळंच. मी पेन्सिली चावते. माझी एक आत्या आहे, चष्म्याच्या दुकानात. चांगली आहे पण फार बोलते."

मी ते दोनदा वाचलं. "फार बोलते म्हणजे?"

"ताई, ते सोडा हो! ही खारूच आहे. माझी पोरगी माझ्याशी बोलतेय!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी माझं पुढचं वाक्य गिळलं. पण मनाला लागलं ते लागलंच. त्या आठवड्यात मी खारूला चॉकलेट दिलं नाही. तिने दोनदा माझ्या पिशवीकडे बघितलं. मी म्हटलं, बघ, बघ. आत्या फार बोलते ना, आता नाही बोलत.

मग रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. खारू तिच्या खोलीत, दार बंद. वहिनी स्वयंपाकघरात, फोन डब्यांच्या आडोशाला. भाऊ बाल्कनीत, बातम्या वाचत. घर कसं शांत. आणि दुसऱ्या दिवशी वहिनी मला सगळं वाचून दाखवायची.

डाव्या चपलेच्या तक्रारी तशा साध्या होत्या. "आई न विचारता खोलीत येते." वहिनी लगेच दारावर टकटक करायला लागली. खारूने आतून विचारलं, "कोण आहे?" वहिनी म्हणाली, "आई." खारू म्हणाली, "मग वाजवतेस कशाला? काय झालंय?" दुसऱ्या दिवशी चपलेने लिहिलं, "आमची आई सगळ्याला गुण देते. भाजी आणली तरी गुण देते." वहिनीने भाजीला नावं ठेवणं सोडलं. भाऊ त्या दिवशी किडके वाटाणे घेऊन आला तरी म्हणाली, "छान आहेत." तो बिचारा पिशवीत पुन्हा डोकावून बघत होता, आपण दुसऱ्याची तर उचलून नाही आणली. मग एक दिवस चपलेने लिहिलं, "मला आंघोळ करताना गायला आवडतं. पण आई म्हणते, आवाज कमी कर, मी काम करतेय." वहिनीने खारूला जवळ घेतलं, "गा गं बाई, अगदी मोकळेपणाने गा." खारू तिच्याकडे अशी बघायला लागली की आईला ताप आहे की काय. पोरगी जन्मात कधी गायली नव्हती. सुरात शिंकतसुद्धा नाही ती.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच कसं कळलं नाही? मला विचाराल तर, आपल्याला जे हवं असतं ते दिसलं की माणूस पुढे बघत नाही. वहिनीला मुलगी हवी होती, मुलगी मिळाली होती. आणि मी? मी "फार बोलते" एवढ्यावरच अडकले होते.

एक सांगते. त्या दिवसांत वहिनी सुंदर बोलायची डाव्या चपलेशी. मला वाचून दाखवायची ना, म्हणून माहीत. चप्पल म्हणाली, आज कंटाळा आलाय, की ही विचारायची, कसला कंटाळा, कुठे दुखतंय का, कुणी बोललं का. ठिपके नाहीत, रकाने नाहीत. इतक्या मायेने ती घरात कुणाशी बोलताना मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. माझ्याशी तर नाहीच.

आणि मग तो निरोप आला. वहिनी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डाव्या चपलेने लिहिलं होतं, "आज मी पडता पडता वाचले. खूप वरून. अजून हात थरथरतात. घरी सांगितलं नाही."

वहिनीने विचारलं होतं, "कुठून? जिन्यावरून?"

"हो, तसंच."

"आईला का नाही सांगितलंस?"

यावर आलं होतं, "आई विचारत नाही. आई तपासते."

वहिनी माझ्या पलंगावर मटकन बसली. मला म्हणाली, "ताई, मी वाईट आई आहे का हो?" मी म्हटलं, "वेडी आहेस का!" पण आवाजात जोर नव्हता माझ्याही. पोरगी एवढी पडता पडता वाचते आणि आईला सांगत नाही, हे मलाही पटत नव्हतं.

सरळ जाऊन विचारायचं की नाही? पण कट्ट्यावरचं गुपित फुटलं तर पोरगी तिथेही बोलायची बंद होईल, ही भीती. म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. त्या दिवशी जेवताना तिने खारूचे कोपर बघितले, केस विंचरायच्या निमित्ताने डोकं चाचपलं, मग खाली वाकून गुडघे. खारू किंचाळली, "आई, काय चाललंय तुझं?" भावाने घास हातात धरून एवढंच विचारलं, "लागलंय का तिला कुठे?" "तू जेव," वहिनी म्हणाली. तो जेवला.

दुसऱ्या दिवशी तिने शाळा गाठली. मुख्याध्यापिकेला जिन्याच्या कठड्यावरून असं काही धारेवर धरलं की तिने त्याच दिवशी मधला जिना बंद केला. फळ्या ठोकल्या, पट्ट्या लावल्या. आता सगळ्या शाळेने मागच्या जिन्याने मैदानाला वळसा घालून वर्गात जायचं. रोज सगळ्यांना उशीर, आणि हे कुणाच्या आईमुळे झालं ते सगळ्यांना माहीत. खारू घरी आली ती रडतच. दप्तर फेकलं आणि म्हणाली, "मी आता तुझ्याशी कधीच बोलणार नाही." याआधी ती बोलत नव्हती, पण तसं म्हणाली नव्हती.

वहिनीचा धीर सुटला. शनिवारी दुपारी तिने मला वर बोलावलं. "आज मी तिला सगळं सांगणार. तुम्ही बसा जवळ. मी रागावले तर मला थांबवा." मी म्हटलं, "मी फार बोलते, मला कशाला?" तरी गेले. जाणारच ना!

बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कसलीशी मालिका आवाज बंद करून चालू होती. तिच्या घरात टीव्ही बंद नसतोच. भाऊ बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेला, काचेचं दार लोटलेलं. खारूला वहिनीने टेबलाशी समोर बसवलं. तिचा फोन मागून घेतला आणि टेबलावर मधोमध ठेवला.

"खारू, मला सगळं माहीत आहे," वहिनी म्हणाली. "मी रागावणार नाही. फक्त सांग, किती वरून पडत होतीस?"

"कोण पडत होतं?"

"बाळा, डावी चप्पल तूच ना?"

खारूने माझ्याकडे बघितलं. आत्या, हिला डॉक्टरकडे न्यायचं का, असं स्पष्ट लिहिलं होतं चेहऱ्यावर. मग वहिनीने स्वतःचा फोन काढून तिच्यापुढे धरला. खारूने वाचायला सुरुवात केली. आधी कपाळाला आठ्या, मग डोळे मोठे, आणि मग ती पोरगी हसायलाच लागली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

"आई! पोटमाळ्याचा कट्टा? तू त्या कट्ट्यावर जातेस?"

"तूही जातेस ना?"

"कुणीच जात नाही! ती मालिका लहान मुलांची आहे. आणि त्या कट्ट्यावर एकसुद्धा मूल नाहीये आता. सगळे आईबाबा आहेत. तुझ्या कार्यशाळेपासून सगळे तिथेच बसलेत एकमेकांची चौकशी करत. तू किती वाजता झोपतेस, तुझी आई फोन देते का, तुला कुणी त्रास देतं का. आमच्या वर्गात त्या कट्ट्याला पालकसभा म्हणतात."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अगं बाई, म्हणजे ही पंधरा दिवस कुणाच्या तरी आईला माया लावतेय!" वहिनीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी तोंडावर हात ठेवला.

"खोटं," ती म्हणाली. तिचा विश्वासच बसेना. "हिला तारा आहेत. हिची आत्या चष्म्याच्या दुकानात आहे. ही तूच आहेस." आणि आमच्यासमोर तिने फोन ओढून घेतला आणि डाव्या चपलेला लिहिलं, "तू आत्ता कुठे आहेस?"

खारूने दोन्ही हात वर करून दाखवले. तिचा फोन टेबलावर गप्प पडलेला.

वहिनीच्या फोनवर उत्तर आलं. "घरातच आहे. तुझी आई रागावलीय ना? घाबरू नकोस. मी आलेच."

आणि बाल्कनीचं दार सरकलं. हातात फोन घेऊन माझा भाऊ आत आला आणि वहिनीला म्हणाला, "जाऊ दे गं, पोरीला नको बोलूस एवढं."

वहिनीने त्याच्या हातातल्या फोनकडे बघितलं. त्याने तिच्या हातातल्या फोनकडे बघितलं. मग खारूकडे, तिच्या रिकाम्या हातांकडे.

"तू गुलाबी ढग?" भावाने बायकोला विचारलं. माझ्या भावाच्या तोंडून हे शब्द ऐकायला मिळतील असं मला वाटलं नव्हतं.

"आणि तू चप्पल?"

"तूच म्हणाली होतीस ना कार्यशाळेत, आपलं मूल डोळ्यांसमोर ठेवा. मी ठेवलं. मग त्या ढगालाही तारा निघाल्या, फाटक निळं निघालं. मला वाटलं, हीच आपली खारू. घरात बोलत नाही, निदान इथे बोलतेय."

खारू तर पोट धरून हसत होती. तिने वहिनीच्या हातातला फोन काढून घेतला आणि दोघांचं बोलणं मोठमोठ्याने वाचायला लागली, दोघांचे आवाज काढून. "'आई सगळ्याला गुण देते. भाजी आणली तरी गुण देते!' बाबा, हे तू? 'मला आंघोळ करताना गायला आवडतं!' बाबा!" मीही हसत होते. 'आत्या फार बोलते' आलं तेव्हा मी भावाला म्हटलं, "हे तू लिहिलंस होय रे? बघते तुला." आणि खारूला उगाच छळलं म्हणून पिशवीतून चॉकलेट काढून तिच्यापुढे सरकवलं. भाऊसुद्धा कानकोंडा होऊन हसत होता. वहिनी तेवढी हसत नव्हती.

"'आज मी पडता पडता वाचले,'" खारूने वाचलं. "'खूप वरून. अजून हात थरथरतात. घरी...'" आणि ती थांबली.

"हे तू बनवलं होतंस ना?" वहिनीने हळूच विचारलं. "तिला बोलतं करायला. आधी आपलं दुःख सांगा, तसं."

"सुरुवातीचं बनवलेलं होतं," भाऊ म्हणाला.

"आणि हे?"

तो टीव्हीकडे बघत होता. तिथे एक बाप दारावर आपटून पडत होता आणि त्याची मुलं हसत होती.

"कुठल्या जिन्यावरून पडत होतास?"

"जिना नव्हता," तो म्हणाला. "एका इमारतीत दहाव्या मजल्यावर बोलावलं होतं. लिफ्टचं दार उघडलं, मी पाय टाकला. लिफ्ट आलीच नव्हती. खाली नुसती विहीर. चौकटीची कड हाताला लागली म्हणून. नाहीतर संपलंच होतं."

माझा एकुलता एक भाऊ. त्या दिवशी तो घरी आला होता, माझ्या शेजारी बसून जेवला होता, मीठ मागितलं होतं त्याने माझ्याकडे. आणि आम्ही दोघी खारूच्या गुडघ्यांची पंचाईत करत होतो.

"बाबा," खारू रडकुंडीला आली होती. "मला सांगायचंस ना रे."

"तुलाच सांगत होतो," भाऊ म्हणाला. "मला वाटलं, तूच आहेस ती."

खारू उठली आणि त्याच्या कमरेला घट्ट मिठी मारून उभी राहिली. तो तिच्या डोक्यावर थोपटत राहिला, आणि मी बघितलं, तो हात खरंच अजून थरथरत होता.

"आणि मला?" वहिनी म्हणाली. इतक्या बारीक आवाजात, की मला वाटलं तिला विचारायचंच नव्हतं. "मला कधी सांगणार होतास?"

भावाने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. तो जरा विचारात पडल्यासारखा झाला, जणू हा प्रश्न त्यालाही आत्ताच पडला होता.

"आत्ता सांगतो," तो म्हणाला. "बस इथे."

ती बसली. टीव्ही खारूने बंद केला.